तो वेळ आणि ती वेळ

मराठीतला 'वेळ' हा शब्द मोठा मजेशीर आहे. तो पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही. 'माझा वेळ गेला' म्हणतो तेव्हा तो वेळ, आणि 'गाडीची वेळ झाली' म्हणतो तेव्हा ती वेळ. व्याकरणाच्या पुस्तकात हे दोघे शेजारी शेजारी सुखाने नांदतात. बाईच्या संसारात मात्र त्यांचं फारसं पटत नाही. 'ती वेळ' आपल्याकडे भरपूर असते. डब्याची वेळ, पाण्याची वेळ, शाळेच्या बसची वेळ, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ. पण 'तो वेळ' कुणी मागितला, की तोंडातून एकच वाक्य बाहेर पडतं, "मला मेलीला कुठे आलाय वेळ!"

गेली काही वर्षं मी धावते. धावणाऱ्यांच्या जगात गेले आणि हा शब्द मला नव्याने भेटला. तिथे "तुझी वेळ काय?" असं विचारतात, म्हणजे अमुक अंतर तू किती मिनिटांत कापलंस. आणि आजवरच्या आपल्या सगळ्या शर्यतींतली जी सर्वांत चांगली वेळ, तिला म्हणतात 'पर्सनल बेस्ट', लाडाने 'पीबी'. ही गोष्ट आपण बायकांनी नीट समजून घ्यावी असं मला वाटतं, कारण इतका स्वतःपुरता आकडा आपल्या आयुष्यात दुसरा नसतो. दहावीचे टक्के आईवडिलांच्या अभिमानाचे असतात, पगार घरखर्चाचा असतो, वजनाच्या काट्यावर तर अख्ख्या नातेवाइकांचा हक्क! पीबी मात्र फक्त आपली. तिने कुणाचं भलं होत नाही, कुणाचं वाईट होत नाही. त्यात कुणाला हरवायचं नसतं, गेल्या खेपेच्या आपल्याला तेवढं मागे टाकायचं असतं.

मोठ्या शर्यतीत ही वेळ मोजण्याची पद्धतही छान आहे. छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदामागे एक छोटी चिप असते. बंदुकीचा बार होतो तेव्हा हजारोंच्या गर्दीत आपण पार मागे असतो. आरंभरेषेवरच्या पट्टीपर्यंत पोचायलाच पाच-दहा मिनिटं जातात. पण आपलं घड्याळ बाराबरोबर सुरू होत नाही. आपलं पाऊल त्या पट्टीवरून गेलं की मग ते सुरू होतं. बार झाल्यापासून मोजलेली ती 'गन टाइम' आणि आपल्या पावलापासून मोजलेली ती 'नेट टाइम'. चाळिशीनंतर काही सुरू करायला बिचकणाऱ्या प्रत्येकीला मी हे आवर्जून सांगते. बार कधीचा झालेला असू दे बाई, तुझं घड्याळ तुझ्या पावलापासून सुरू होणार आहे.

आता थोडं माझ्या हिशेबाबद्दल. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि दर जानेवारीत होते. २१ जानेवारी २०२४ रोजी मी त्यातली अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, २ तास ३७ मिनिटं ४० सेकंदांत पूर्ण केली होती. पुढच्या वर्षी ती अडीच तासांच्या आत करायची असं ठरवलं. ऐकायला सात-आठ मिनिटांचाच फरक. पण कागदावर मांडला तेव्हा कळलं, की आधी एका किलोमीटरला साधारण ७ मिनिटं २८ सेकंद लागत होते, ते ७ मिनिटं ६ सेकंदांवर आणायला हवेत. म्हणजे किलोमीटरमागे बावीस सेकंद. बावीस सेकंदांत एक कांदासुद्धा धड चिरून होत नाही! पण हे बावीस सेकंद सलग एकवीस वेळा वाचवायचे, तर त्यासाठी सोळा आठवड्यांचा सराव लागतो.

सोळा आठवडे म्हणजे सप्टेंबरची अखेर ते जानेवारीचा मध्य. कॅलेंडर काढून बघा, यात काय काय येतं ते. नवरात्र, दसरा, दिवाळीचा फराळ, भाऊबीज, तुळशीचं लग्न, लग्नसराई आणि संक्रांतीचे तिळगूळ. घरातल्या बाईला सर्वांत जास्त काम असतं, नेमके तेच महिने! शर्यतीची तारीख बदलत नाही, आणि चकलीची भाजणीही आपोआप होत नाही.

सरावाचा आराखडा तसा साधा असतो. आठवड्यातले चार दिवस धावायचं. मंगळवारी आणि शनिवारी सहा-सात किलोमीटर अगदी निवांत, शेजारणीशी गप्पा मारता येतील अशा बेताने. गुरुवारी ८०० मीटर वेगात, मग दोन-तीन मिनिटं रमतगमत, पुन्हा ८०० मीटर वेगात, अशा पाच फेऱ्या. आणि रविवारी लांबची धाव, दहा किलोमीटरपासून हळूहळू वाढवत अठरापर्यंत. आम्ही सहकारनगरच्या बायका, तेव्हा तळजाईचा चढ आमच्या हक्काचा. चढावर पाय तयार होतात आणि दमही. शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे अंतर कमी करत आणायचं, म्हणजे पाय ताजे राहतात.

पहिल्यांदा ऐकणारीला नवल वाटतं ते याचं, की वेगात धावायचं असेल तर बरंचसं सावकाश धावावं लागतं. सावकाश आणि भरपूर धावल्याने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं, स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. वेगाचा दिवस आठवड्यातून एकच पुरतो. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की शरीर धावताना घडत नाही. धावताना ते थोडं झिजतं. घडतं ते नंतरच्या विश्रांतीत, मुख्यतः झोपेत.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. कपडे, बूट, ताणाचे व्यायाम सगळं धरून या सरावाला आठवड्याचे साधारण सहा तास लागतात. आठवड्याच्या १६८ तासांमधले सहा. ते आणायचे कुठून? आपल्या घरांमधलं ठरलेलं उत्तर असं, "तू पहाटे लवकर उठून जा ना, कुणाची काही हरकत नाही." ऐकायला किती उदार! अर्थ असा, की डबे, नाश्ता, पाणी, आवराआवर यांतलं काहीही हलणार नाही. तुझी झोप तेवढी हलेल. रात्री अकराला ओटा पुसायचा, पहाटे चारला उठायचं, साडेसहाला परत येऊन कुकर लावायचा. बहुतेकजणी हे कौतुकाने करतातही. पण पाच तास झोपणाऱ्या बाईची वेळ सुधारत नाही. तिचे गुडघे दुखायला लागतात, चिडचिड वाढते आणि दोन महिन्यांत घरातले म्हणतात, "झेपत नाही तर कशाला करतेस?" न झेपण्याचं कारण धावण्यात नसतं, ते घरातल्या कामाच्या वाटपात असतं.

हे काही मी मनाचं सांगत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. तेही 'काम करणारे' पुरुष. असं काम करणाऱ्या बायका शंभरातल्या ८१ होत्या आणि पुरुष २६. पुढची पाहणी २०२४ ची. तिच्यात बायकांची मिनिटं २८९ झाली. म्हणजे पाच वर्षांत अख्ख्या देशातल्या बायकांनी मिळून दहा मिनिटांची पीबी केली म्हणायची! पुरुषांनीही मागे राहायचं नाकारलं. त्यांची ९७ वरून ८८ झाली.

वेळ मिळाला तरी पुढचा प्रश्न असतोच, "पण हे सगळं कशासाठी?" शुगर आहे म्हणून धावते म्हटलं, की लोकांचं समाधान होतं. वजन कमी करायचंय म्हटलं तरी चालतं. पण "मला माझी वेळ सुधारायची आहे" हे उत्तर कुणाच्या पचनी पडत नाही. बारामतीच्या लता करे यांची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. २०१३ साली साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या, कारण पतीच्या उपचारासाठी पैसे हवे होते. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे. पण कधी कधी मनात येतं, की याच बाई काहीही गरज नसताना, निव्वळ स्वतःची वेळ सुधारावी म्हणून धावल्या असत्या, तर आपण एवढ्याच टाळ्या वाजवल्या असत्या का? नवऱ्यासाठी धावणारी आपल्याला सावित्री वाटते. स्वतःसाठी धावणारीला आपण विचारतो, "घरी कोण बघतं?"

देशासाठी पदक आणणारीचंही आपण मनापासून कौतुक करतो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. या मुलींनी महाराष्ट्राला मुलीच्या धावण्याची सवय लावली. पण जिला पदक मिळणार नाही, जिचा नंबर पाच हजारावा येणार आहे, तिनेही मन लावून धावावं याची सवय अजून व्हायची आहे.

बाईच्या धावण्याला 'कशाला' विचारण्याची रीत आपल्याकडचीच आहे असं मात्र नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शेवटी काहीजणी दमून बसल्या, त्याचा इतका गवगवा झाला की ती शर्यतच बंद केली गेली. परत यायला १९६० साल उजाडलं. दमलेले पुरुष धावपटू कुणी पाहिलेच नव्हते जणू! १९६६ साली बॉबी गिब नावाची तरुणी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बिनक्रमांकाची, झुडपाआडून येऊन धावली. पुढच्या वर्षी कॅथरीन स्विट्झरने नोंदणीत नुसतं 'के. व्ही. स्विट्झर' असं लिहिलं आणि २६१ क्रमांक मिळवला. भर शर्यतीत एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावर धावून जाऊन तो क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. तिने शर्यत पूर्ण केली. बॉस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला १९७२ साली आणि ऑलिम्पिकमध्ये बायकांची पहिली मॅरेथॉन झाली ती १९८४ साली, लॉस एंजलिसमध्ये. आणि ही स्विट्झरबाई २०१७ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तोच २६१ क्रमांक लावून पुन्हा बॉस्टनला धावली!

इथवर आलं की मला आमच्या वस्तीतल्या बचत गटातल्या एका बाईचा प्रश्न आठवतो. बैठकीत धावण्याचा विषय निघाला तेव्हा ती हसून म्हणाली, "ताई, आम्ही रोज पाच घरं धावतो. आमची वेळ कोण लावणार?" सगळ्याजणी हसल्या, पण या प्रश्नातून मला पळवाट काढायची नाही. जिचं अंग दिवसभराच्या धुण्याभांड्यांनी आंबलेलं आहे, तिला मी 'धाव' म्हणणं ही थट्टा होईल. तिला आधी आठवड्याची भरपगारी सुट्टी हवी. तेव्हा माझे रविवारचे दोन-अडीच तास मोकळे करण्यासाठी मी तिचा रविवार वापरायचा नाही, एवढं पथ्य आम्ही धावणाऱ्या बायकांनी पाळायलाच हवं. काम दुसऱ्या बाईच्या अंगावर ढकलून मिळवलेला वेळ हा काही सुटलेला प्रश्न नव्हे. तो घरातल्याच माणसांनी मिळून सोडवायचा आहे.

त्याच बैठकीत आणखी एक विषय निघाला, रक्ताचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी असल्याचं आढळलं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ असावं, त्याखाली गेलं तर ते कमी समजतात. हिमोग्लोबिनच स्नायूंना प्राणवायू पोचवतं, तेव्हा ते कमी असेल तर जिना चढतानाही धाप लागते, मग धावणं दूरच. आणि आपण त्याला 'वयोमानाप्रमाणे' म्हणून मोकळ्या होतो! धावायचं नसलं तरी ही तपासणी करून घ्यावी. आमच्या सकाळच्या गटात नवी बाई आली, की बुटांची चौकशी नंतर, आधी रक्ताची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याची.

आमच्या घरी वाटप कसं झालं तेही सांगते, कारण उपदेशापेक्षा उदाहरण बरं. फ्रिजवर सोळा आठवड्यांचा कागद लागला. रविवारचा नाश्ता नवऱ्याकडे, गुरुवारचे डबे लेकीकडे, मंगळवारी आणि शनिवारी आदल्या रात्रीची आवराआवर दोघांकडे, आणि मी दहाला झोपणार. "पोहे भिजवायचे की नुसते धुवायचे?" असा फोन तळजाईवर यायचा. पुढे तो यायचा बंद झाला. दिवाळीत चकल्या घरगुती पदार्थ करणाऱ्या बाईंकडून आणल्या आणि कुणाचीही दिवाळी अडली नाही. सासूबाईंनी "एवढं धावून कुणाला गाठायचंय?" असं विचारलं खरं, पण कागदावर झालेल्या धावेसमोर फुली मारायचं काम पुढे त्यांनीच मागून घेतलं. एखाद्या दिवशी फुली राहिली, की चौकशी व्हायची.

१९ जानेवारी २०२५ ला पहाटे अंधारात माहीमहून निघालो. एरवी पायी माणसाला मज्जाव असलेल्या सी लिंकवरून धावताना दोन्ही बाजूंना काळं पाणी आणि पुढे हजारो पावलांचा आवाज. पेडर रोडच्या चढावर तळजाई कामाला आली. मरीन ड्राइव्हवर उजाडलं. तिथे पायांनी तक्रार सुरू केली, पण सोळा आठवड्यांची झोप कुठेतरी साठलेली होती, ती उपयोगी पडली. सीएसएमटीजवळच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेले तेव्हा नेट टाइम होती २ तास २८ मिनिटं ५१ सेकंद. माझ्या पुढे हजारो माणसं होती आणि मागेही होती. गळ्यात पडलेलं पदक शर्यत पूर्ण करणाऱ्या सगळ्यांनाच मिळतं. पण तो आकडा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

म्हणून माझं मागणं दोन ठिकाणी आहे. एक गावाकडे. पहाटे शाळांची मैदानं कुलूपबंद असतात, ती उघडा. टेकडीच्या वाटेवर दिवे लावा. जिथे माणसं फिरायला येतात तिथे बायकांसाठी स्वच्छ, उघडं असलेलं स्वच्छतागृह ठेवा. अंधाराच्या आणि अडचणीच्या भीतीने घरी बसलेल्या बायका आळशी नसतात. दुसरं मागणं घराकडे. मुलाच्या क्लासचे तास आपण कसे पाळतो? पाहुणे आले तरी क्लास बुडत नाही. तसेच आईचे तास पाळले जावेत. ते धावण्याचेच असावेत असं नाही. कुणी गाणं शिकेल, कुणी पोहेल, कुणी राहिलेलं एम. ए. पूर्ण करेल. पण ते तास तिच्या झोपेतून कापलेले नसावेत आणि त्यांचा उपयोग काय हे तिला रोज सांगावं लागू नये.

तेव्हा मैत्रिणींनो, ही पुरवणी वाचून झाली की एक कागद घ्या. घरातल्या आठवड्याच्या कामांची यादी करा, प्रत्येकासमोर नाव लिहा आणि तुमचं नाव किती वेळा येतं ते सगळ्यांना जेवताना वाचून दाखवा. त्यातली चार कामं त्याच पानावर, त्याच जेवणात दुसऱ्यांच्या नावावर करून घ्या. आधी तो वेळ मिळवा. ती वेळ नंतर लावता येईल.